कुमुदने पाळलेला लांडगा

शेवटची भेटले तेव्हा कुमुद हॉस्पिटलच्या पलंगावर उशीला टेकून बसली होती आणि शेजारच्या मशीनकडे रागाने बघत होती. मला वाटलं, फार दुखतंय बिचारीला. तर म्हणाली, "सुमे, हे बीप-बीप ऐकलंस? काळी एकच्या किंचित खाली आहे. दिवसभर हा बेसूर कानाशी... माणूस जायचं ते यानेच." मग नवऱ्याकडे, म्हणजे वसंतभावजींकडे वळून तिने विचारलं, "घरी एसी चालू आहे ना?" भावजींनी जोरात मान हलवली. कुमुद मला म्हणाली, "खोटं बोलतोय. जाताना बघून जा की गं." गेले, बघितलं. बंदच होता. त्याच आठवड्यात भावजींचा फोन आला. पहिलं वाक्य ती गेल्याचं. आणि दुसरं, "वहिनी, एसी चालू आहे बरं का."

हा एसी माणसांसाठी नव्हता, हार्पसिकॉर्डसाठी, म्हणजे पियानोच्या एका जुन्या पूर्वजासाठी होता. मनामातल्या त्यांच्या फ्लॅटमध्ये ते वाद्य आलं तीही एक गंमतच. बहारीन सोडून जाणारी माणसं घरातलं सगळं विकायला काढतात, आणि मागे राहणारे आपण तिथून फ्रीज, पडदे, कुंड्या उचलतो. भावजी एका इंग्रज कुटुंबाकडे डीप फ्रीझर बघायला गेले होते. कुमुद सोबत गेली, आणि फ्रीझर तिथेच राहिला. पिकअपमधून चादरीत गुंडाळलेलं, एका टोकाला निमुळतं होत गेलेलं ते लांबलचक प्रकरण उतरताना बघून आमच्या बिल्डिंगच्या वॉचमनने विचारलं, "मॅडम, इतना बडा इस्त्री का टेबल?" मी तर त्याच्याही वरताण. पहिल्याच दिवशी त्याच्या झाकणावर चिवड्याची बशी ठेवली. कुमुदने ती बशी उचलून माझ्या मांडीवर ठेवली.

मी तेव्हा नुकतीच लग्न होऊन आले होते आणि स्वतःला फार मोठी व्हायोलिनवादक समजत होते. का, तर मी मिरजेची! तिथे तंबोरे बनतात म्हणून गावातल्या सगळ्यांच्या कानात आपोआप सूर भरलेला असतो, अशी माझी प्रामाणिक समजूत होती. जिथे 'मफी संगीत', म्हणजे संगीत नाहीच, असं मला वाटत होतं त्या वाळूच्या देशाला मी आता सूर शिकवणार होते. कुमुद बेळगावची, कॉन्व्हेंटात पियानो शिकलेली, इथे एका बँकेत नोकरीला. तिला तीनशे वर्षांपूर्वीच्या युरोपातलं संगीत वाजवायचं होतं. तिच्या बँकेतला फेलिक्स नावाचा गोवेकर चेलो वाजवायचा. व्हायोलिन हवं होतं, आणि जवळपास मी एकटीच होते. ती दोघं खुर्चीवर, समोर नोटेशनचे कागद. मी मात्र सतरंजीवर मांडी घालून, व्हायोलिनचं टोक घोट्याशी टेकवून, डोळे मिटून. कुमुद मोजून सुरुवात करायची नाही, नुसतं "यल्ला!" म्हणायची, अरबीत "चला!". त्या दोघांचं वाजवून संपलं तरी माझी मींड चालूच असायची. फेलिक्स चेलो पुसत म्हणायचा, "बाई, आम्ही घरी पोचलो. तुमची बस अजून स्टँडवरच?"

एवढं असूनही मी तिथे टिकले त्याला कारण गांधार. पियानो, पेटी यांचा गांधार मला लहानपणापासून सोसत नाही. चढा असतो, दाताखाली खडा आल्यासारखा. कुमुदने त्या पहिल्या दिवशी पांढरी एक आणि तिचा गांधार एकत्र दाबले... आणि मी चिवडा खायची थांबले. सतारीला नखी लागते ना, तशी इवलीशी नखी हार्पसिकॉर्डच्या प्रत्येक पट्टीमागे असते आणि तार छेडते. त्या बारीक, चांदीसारख्या आवाजात मला मिरजेचा तंबोरा ऐकू आला. तंबोरा छान लागला की न छेडलेला गांधार आपोआप बोलू लागतो, अगदी तोच. मी म्हटलं, "हा तुझ्या पेटाऱ्यात कुठून आला गं?" ती म्हणाली, "मी रोज सकाळी बोलावते म्हणून येतो."

मग तिने मला समजावलं. त्या काळचे लोक प्रत्येक पंचम केसभर उतरवून घ्यायचे, की गांधार स्वच्छ मिळतो. पण घर झाडताना केर कुठेतरी गोळा होणारच. तसा हा सगळा केर दूरच्या एका कोपऱ्यात, काळ्या पट्ट्यांमध्ये जमतो. तिथले सूर एकत्र वाजवले की वाद्य अक्षरशः विव्हळतं. तिकडच्या भाषेत त्याला लांडगाच म्हणतात. रचना लिहिणारे त्या कोपऱ्यात फिरकत नसत. मी हे सगळं 'हो, हो' करत ऐकलं आणि लगेच विसरून गेले.

विसरले नसते तर मंडळाच्या गणपतीतला तो प्रसंग घडलाच नसता. हॉल भरलेला, मी नवी पैठणी नेसलेली. ऐन वेळी मी जाहीर केलं, "मी माझ्या सुरातच वाजवणार. काळी एक." आपल्याकडे गायक-वादकाचा स्वर ठरलेला असतो आणि साथीदाराने त्यात यायचं असतं, मग तो तिकडचा असो की आणखी कुठला! फेलिक्सचा चेहरा पांढरा पडला. कुमुदने मात्र माझ्याकडे एकदाच बघितलं, गोड हसली आणि म्हणाली, "यल्ला!" आणि तिने दोन्ही हातांनी काळी एकचा पूर्ण मेळ, षड्ज-गांधार-पंचम एकदम, दाबला... काय सांगू! हॉलमध्ये कुणाच्या तरी शेपटीवर खुर्ची ठेवल्यासारखा आवाज झाला. पहिल्या रांगेतले एक काका उठून स्पीकरची वायर तपासायला लागले.

"तुला माहीत होतं!" मी नंतर रडत ओरडले.

"होतं की."

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं होतं. आज ऐकलंस."

असं वाजवत वाजवत आम्ही म्हाताऱ्या झालो. मी खुर्चीवर बसायला शिकले, मींड आवरायला अर्धवट शिकले. ऑगस्टात सगळं मराठी बहारीन रजेवर घरी जायचं, पण कुमुद जायची नाही. एसी बंद झाला की दमट हवेने आतली फळी फुगते आणि सूर चढतात. ट्यूनिंगच्या चावीला तिने कधी कुणाला हात लावू दिला नाही. मलाही नाही.

आणि आता भावजी मुलाकडे पुण्याला निघाले. फ्लॅट सोडायचा होता. एका हॉटेलवाल्याला ते वाद्य लॉबीत ठेवायला हवं होतं, वर फुलदाणी ठेवून. मी म्हटलं, "मी नेते. हमद टाउनला आमच्या आताच्या घरी एक खोली आहे."

"वहिनी, तुम्हाला सूर लावता येतात?"

"नाही."

"मग तुमच्याकडे काय आणि लॉबीत काय, ते मुकंच राहणार." भावजींनी ट्यूनिंगची चावी माझ्यापुढे धरली. मग म्हणाले, "एकदा लावून दाखवा. लागलं तर तुमचं."

दिवसभर लावत बसले. बोटं दुखली, चष्मा दोनदा तारांत पडला. प्रत्येक सूर घासून-पुसून असा लावला की कुठेच काही खटकणार नाही. लांडग्याला तर हाकलूनच दिलं. त्या कोपऱ्यातही सगळं बरं वाजत होतं. मी खूश. आयुष्यभर 'मला त्यातलं काही कळत नाही' म्हणणारे भावजी दारात उभे राहून ऐकत होते. म्हणाले, "वहिनी, चांगलं आहे... पण हे आमच्या घरातलं नाही वाटत."

मी पांढरी एक आणि गांधार दाबले. खरंच की! गांधार नव्हता. पेटीचा खडा होता. केर एका कोपऱ्यात लोटायचा सोडून मी तो घरभर सारखा पसरला होता. लांडगा गेला, आणि जाताना गांधारही घेऊन गेला. पुन्हा बसले. पंचम केसभर खाली, पुढचा केसभर खाली, कानात मिरजेचा तंबोरा धरून... हळूहळू तो आला. शेवटी भीत भीत काळी एकचा मेळ दाबला. जे विव्हळलं म्हणता! भावजी खुर्चीत बसून इतके हसले की डोळे पुसायला लागले. "आली," म्हणाले. "न्या."

आता आमच्या त्या खोलीत एसी चालू असतो. मुलगा म्हणतो, "आई, बहारीनमध्ये स्वेटर घालून पेपर वाचणारा मी एकटाच." म्हणू दे. रात्रीतून सूर थोडे हलतातच. सकाळी चहा झाला की मी चावी घेते, गांधाराला बोलावते. सगळं लागलं की मुद्दाम त्या कोपऱ्यात जाऊन काळी एकचा मेळ दाबते. तो जोरात विव्हळतो. मग मी खुर्ची पुढे ओढते आणि म्हणते, "ऐकलं गं, ऐकलं... यल्ला."