खर्च वादीने सोसावा

भावावर दावा लावायचा असेल तर आधी त्याची मोटारसायकल धड आहे ना, हे बघून घ्यावं. तारखेला तीच उपयोगी पडते.

दत्तू माझा चुलतभाऊ. गोरेगावात आमची घरं शेजारी-शेजारी, मध्ये एक सामाईक बोळ. गेल्या उन्हाळ्यात त्याने बोळात लोखंडी स्टँड ठोकून त्यावर कपाटाएवढा कूलर बसवला आणि माझी मोटारसायकल अंगणात अडकली ती अडकलीच. मी दावा लावला. मग तारखेला तालुक्याला जायचं कशावर? दत्तूच्याच मागे बसून. (खड्डा आला की त्यालाच धरून!)

तिसऱ्या तारखेच्या आदल्या दिवशी दत्तू घरी आला. "दादा, स्टँड काढून टाकलं म्या. आता काहून कोर्टात भांडायचं? घे ना दावा काढून."

"काढतो. पण खर्च?"

"तू लिहिशील तसं."

आतून बायकोने बजावलं, "अवो, खर्च अंगावर घेऊ नका. आपल्या कूलरचे पैसे हायत ते."

खरंच होतं ते. शेजारच्या कूलरवर दावा लावण्यासाठी आम्ही आमच्या कूलरचे पैसे वकिलाला दिले होते. खर्च परत मिळाला तरच आमच्या घरात वारा येणार होता.

तडजोडीचा कागद मी वकिलांना लिहू दिला नाही. तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं आहे. शब्दाची फोड करायला मला वकील लागत नाही. वाद घालतो तो वादी. वाद कुणी उकरून काढला? कूलर लावणाऱ्याने. मी बिचारा फक्त उत्तर देणारा, म्हणजे प्रतिवादी. सुवाच्य अक्षरात लिहिलं : 'दोन्ही बाजूंचा संपूर्ण खर्च वादीने सोसावा.'

दत्तूने कोर्टाच्या व्हरांड्यात कागद दोनदा वाचला आणि एकदम वाकून माझ्या पाया पडला. "दादा, तुझं मन एवढं मोठं असंल असं वाटलं न्हवतं."

हरलेला माणूस असाच नरम येतो, असं समजून मी आशीर्वाद दिला.

न्यायाधीशसाहेबांनी कागद वाचून चष्मा खाली केला. "दोघांचाही खर्च वादी देणार? मिटल्यावर शक्यतो ज्याचा तो सोसतो."

"वादीच देणार, साहेब," मी ठणकावलं. "एक रुपया सोडायचा नाही."

"कुणाचा दबाव नाही ना?"

मला दत्तूची दया आली. "दबाव कसला? चूक ज्याची, खर्च त्याचा."

तेवढ्यात माझे वकील धापा टाकत आले. कागद पाहून त्यांचा चेहरा उतरला. माझ्या कानाशी लागून म्हणाले, "गुरुजी, दावा लावतो तो वादी. वादी तुम्ही आहात."

दुरुस्ती मागता आली असती. पण समोर टेबलाशी बसलेला कारकून माझाच विद्यार्थी. शब्दांची फोड चुकली म्हणून मी त्याला किती वेळा बाकावर उभं केलं होतं! त्याच्यासमोर आता आपली फोड चुकली म्हणून सांगायचं, की कूलरवर पाणी सोडायचं?

"काही दुरुस्ती?" साहेबांनी विचारलं.

"नाही साहेब," मी म्हणालो. इज्जत वाचली, वारा गेला.

परतताना दत्तूने मला आग्रहाने रसवंतीवर नेलं, वर बर्फही जास्त घालायला सांगितला.

दारातच बायकोने गाठलं. "काय झालं? खर्च कोनावर बसला?"

"वादीवर."

"बरं झालं. चांगली जिरली दत्तूभाऊंची. आता कूलर कधी आणता?"

मी हात-पाय धुवायला गेलो. खोटं मी बोललो नव्हतो. तिचं मराठी माझ्याइतकंच पक्कं, त्याला मी काय करणार?