तिसऱ्या शिट्टीपर्यंत

डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं, रोज दहा मिनिटं नुसतं बसा, श्वासाकडे लक्ष द्या. सकाळी दोन डबे आणि मग साडेआठची बस. दहा मिनिटं आणू कुठून? शेवटी ठरवलं, कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत बसायचं.

आज मिक्सर, मोबाइल सगळं बंद करून स्टुलावर बसले. पहिल्या शिट्टीपर्यंत मन भाजीतच होतं. दुसरीनंतर मात्र श्वास सापडला आणि घर ऐकू यायला लागलं. नळाचं ठिबकणं, पंख्याची कुरकुर, आणि आतल्या खोलीतून सासऱ्यांचा आवाज, "सुनंदा, आहेस ना गं?"

हाक नव्हतीच ती. उत्तराची वाटही न बघता, सवयीनं विचारावं तसं. म्हणजे रोजच विचारत असणार. आपल्या धावपळीत घरातली माणसं किती वेळा बोलून गप्प झाली असतील, कोण जाणे. आणि मी बसले होते ती मन शांत व्हावं म्हणून!

"आहे, बाबा," मी म्हटलं.

मग ते हळूच म्हणाले, "आज ऐकू आलं वाटतं."

तिसरी शिट्टी झाली, चौथीही झाली. उठून गॅस बंद करणं मला जमेना.