निशाणी नसलेले बोल्ट

कारंज्याच्या हायवेवर प्रेमदासचं गॅरेज आणि माझं पंक्चरचं दुकान, मध्ये एक कडुनिंब आणि त्याखालचं बाकडं. बावीस वर्षं मी या माणसाचं काम पाहतो आहे. सरळच सांगतो, इतका चोख आणि इतका हेकट मेकॅनिक मी दुसरा पाहिला नाही. बोल्ट शेवटचा आवळला की तो त्याच्या डोक्यावरून खालच्या पत्र्यापर्यंत नेलपॉलिशची लाल रेघ ओढायचा. बाटली बायकोची, पंचफुलाची. ती आधी भांडली, मग स्वतःच बाजारातून दोन-दोन आणायला लागली. रेघ तुटलेली दिसली की समजायचं, मागून कोणीतरी पाना लावला. रेघच नसेल तर ते काम प्रेमदासचं नाही. ट्रकवाले तावातावाने भांडायला यायचे, हा बॉनेट उघडून रेघ दाखवायचा आणि विषय संपायचा. त्या रेघेचा त्याला भारी ताठा होता.

महादेवराव आमच्या गावातलेच. शाळेच्या प्रयोगशाळेत नोकरी केली, निवृत्त झाल्यावर एक जुनी व्हॅन घेतली आणि तिच्यात स्वतःच्या हाताने पलंग, शेगडी, पाण्याची टाकी बसवली. बायकोला, आनंदाबाईंना घेऊन देश बघायचा होता. म्हातारा बिऱ्हाड घेऊन फिरतो म्हणून गाव हसायचं. त्यांचे हात सारखे शिवशिवायचे, कधी पंखा तर कधी रेडिओ खोलून बसलेले असायचे.

ऑगस्टमध्ये ते व्हॅन घेऊन आले. इंजिनच्या सेन्सरवरचं झाकण ढिलं झालं होतं आणि कडेने ऑइल पाझरत होतं. त्या झाकणातून पाणी शिरलं तर इंजिन चालता चालता बंद पडतं. प्रेमदासने झाकण काढलं, जुना चिकटा खरवडला, पेट्रोलने पुसून कोरडं केलं, कडेने नवं काळं सिलिकॉन लावलं आणि चारही बोल्ट नुसते बोटांनी फिरवून ठेवले.

"तासभर सुकू द्या, काकाजी. मंग आवळतो."

रीत तशीच आहे. ओलं असताना आवळलं तर सगळं सिलिकॉन बाहेर येतं.

तेवढ्यात त्याला फोन आला, पुढे तीन किलोमीटरवर ट्रक बंद पडला होता. तो गेला तो तीन तासांनी परतला, उपाशी आणि घामाने चिंब. मध्ये भुरभुर आली म्हणून व्हॅनचं बॉनेट मीच पाडून ठेवलं होतं. महादेवराव बाकड्यावर बसून कंटाळले होते.

"झालं का, प्रेमदास?"

"झालं, न्या."

सवयीने बोलून गेला. त्याने बॉनेट उघडलं नाही, पान्याला हात लावला नाही. मी टायरवर वाकलो होतो, पण हे मला दिसलं. म्हटलं, त्याचं काम त्याला कळतं, आपण कशाला नाक खुपसायचं! त्या गप्प बसण्याचा मला आजही संताप येतो.

तिसऱ्या दिवशी अमरावतीकडे जाताना धो धो पावसात व्हॅन भर रस्त्यात बंद पडली. चाकामागे दगड लावायला महादेवराव उतरले आणि मागून ट्रक आला. ते जागीच गेले. आनंदाबाई पुढच्या सीटवर होत्या, त्यांना खरचटलंसुद्धा नाही.

पोलिसांचं आटोपल्यावर व्हॅन क्रेनने गॅरेजपुढे आणून टाकली. सोबत महादेवरावांचा जावई रजत, दोन-चार नातेवाईक आणि आनंदाबाई. प्रेमदासने बॉनेट उघडलं. झाकण लोंबत होतं. दोन बोल्ट गळून गेले होते, दोन कसेबसे अडकले होते, आणि रेघ कुठेच नव्हती. मी त्याचा चेहरा पाहिला. त्याला त्याच क्षणी सगळं आठवलं होतं. तरी तो म्हणाला, "माही निशाणी नाई याच्यावर. मागून कोणीतरी खोललं."

रजत सासऱ्यांना मामाजी म्हणायचा. त्याने मान डोलावली. "मामाजीचे हात कुठी स्वस्थ बसत होते!"

सगळ्यांना पटलं. आनंदाबाई व्हॅनकडे बघत उभ्या होत्या.

त्यानंतर प्रेमदास गॅरेज उघडायचा आणि नुसता बसून राहायचा. गिऱ्हाईक आलं की दुसरीकडे पाठवायचा. एका सकाळी माझ्याजवळ येऊन म्हणाला, "तुले माईत हाय ना?" मी म्हटलं, "माईत हाय." दोघांच्याही पोटात तेच होतं. तेरवी होऊन दोन दिवस झाले होते. आम्ही तसेच उठून महादेवरावांच्या घरी गेलो.

आनंदाबाई ओसरीत होत्या, जवळ मुलगी वर्षाली. भिंतीवरच्या फोटोला हार नव्हता. प्रेमदास बसला नाही.

"काकू, काकाजीनं त्याले बोटबी लावलं नव्हतं. बोल्ट मीच आवळले नाई. इसरलो, अन् झालं म्हनून सांगितलं. मंग साऱ्यायसमोर खोटं बोललो."

वर्षाली ताडकन उठली. आईने हाताने तिला खाली बसवलं.

"मंजे त्यायनं काईच नाई केलं?"

"नाई, काकू."

आनंदाबाईंनी पदर चाचपला. मग म्हणाल्या, "मी रोज शिव्या देऊन राह्यली त्यायले. कामून खोललं, कामून मले एकटी टाकलं म्हनून. तेरवीलेबी डोळ्यात पानी नाई आलं माह्या. साऱ्या बाया बघत होत्या."

आणि तेव्हा त्या रडल्या. मोठ्याने, अंगणापार ऐकू जाईल अशा. वर्षालीने त्यांना धरलं. प्रेमदास हात जोडून खाली वाकला, तर त्यांनी पाय मागे घेतले.

"माफी मांगू नका, प्रेमदासभाऊ. रजतले सांगा, गावाले सांगा, पोलिसायले सांगा. पन माफी नका मांगू. त्यायच्यावरचा राग मले झेपत नव्हता. तुमच्यावरचा झेपन."