शबानानं ऐकलेली जमीन

इरफानचा फोन आला तेव्हा मी भूमच्या आठवडी बाजारात वांगी निवडत होतो. "सर, आपा गेली," एवढंच तो म्हणाला. पुण्यात कामावर असताना, बोलता बोलता त्याच्या बहिणीच्या डोक्यातली रक्तवाहिनी फुटली होती. फोन ठेवल्यावरही मी वांगी निवडतच राहिलो... शबाना छत्तीस वर्षांची होती. माझी विद्यार्थिनी. तिच्यावर मी लिहायचं, हा क्रमच मला अजून पटत नाही.

सोनारीजवळच्या आमच्या शाळेत मी तिला विज्ञान शिकवलं. पुढं ती भूभौतिकीत गेली. जमिनीला धक्का द्यायचा, परत येणाऱ्या लाटा टिपायच्या आणि न खणता आतलं चित्र काढायचं, हे तिचं काम. तीन वर्षांपूर्वी शाळेला नवी खोली बांधायची होती आणि ती सुट्टीवर आली होती. "जरा बघ की, खाली काय आहे," मीच म्हणालो. घणाचे ठोके मारून तिनं मोजमाप घेतलं. "खडक आहे, सर. बांधा." पायाच्या रेषांवर फक्की मारून झाली, आणि खणायच्या आदल्या दिवशी ती पुण्याहून पुन्हा आली. "माझं चुकलं, सर. खाली मधे पोकळ आहे. इथं बांधू नका."

शाळा समितीचे नाना वैतागले. "पोरी, आधी खडक म्हणलीस, आता खड्डा म्हणतीस. मधी जमीन हलली व्हय?"

"जमीन न्हाय हलली, नाना. मी अर्धंच ऐकलं होतं."

शाळेच्या पायरीवर बसून तिनं समजावलं. घाईत तिनं फक्त सगळ्यात आधी पोचलेली लाट मोजली होती. मागची थरथर सोडून दिली होती. पुण्यात तिनं अख्खी लाट घेतली. संगणकात जमिनीचा एक अंदाज मांडायचा, तशा जमिनीतून लाट कशी आली असती ते काढायचं, खऱ्या नोंदीशी ताडायचं, जुळलं नाही की अंदाज बदलायचा. असं शेकडो वेळा केल्यावर खडकाच्या मधोमध एक भुसभुशीत गोल उमटला होता. नाना कुरकुरतच खणायला तयार झाले. पुरुषभर खाली बुजवलेल्या विहिरीचं बांधकाम लागलं, आत नुसती माती नि कचरा. नाना कडेला बसले. आत बघत म्हणाले, "लेकरं बसली असती हितं."

चाळिसाव्याला तिच्या घरी गेलो. तिची अम्मी म्हणाली, "हप्ताभर डोकं दुखतंय म्हणत होती, सर. म्या म्हणलं, कामाचं आसंल. तुमाला काय बोलली होती का?"

बोलली होती. फोनवर, हसत. मी तिला चहा कमी कर म्हणालो होतो... अम्मीला हे सांगायला माझी जीभ रेटली नाही. अजूनही सांगितलेलं नाही.

ती नवी खोली रांग सोडून, बाभळीकडं सरकून उभी आहे. परवा तिथं गेलो. आत पाढे चालले होते. मी मागच्या बाकावर बसलो. नव्यानं आलेल्या बाईंनी विचारलं, "सर, ही एकच खोली अशी बाजूला का बांधलीय?"

"सुट्टीत येईल ती," मी म्हणून गेलो. "तिलाच विचारा."