मास्तरांचं बाळंतपणाचं पुस्तक

कुणी काही लिहून दाखवलं की मास्तर आधी कागद पालथा घालायचे आणि विचारायचे, "वाचणार कोण?" शाळेत या प्रश्नानं आम्हाला छळलं. "गाईवर लिहिलंस. कुणासाठी? ज्यानं गाय पाहिलीच नाही त्याच्यासाठी, की ज्याची आटलीय त्याच्यासाठी?" आम्ही गाईसारखेच बघत राहायचो.

पुढे मी रत्नागिरीतच एका छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवायला लागलो. एका दुपारी मास्तर कागदांचा गठ्ठा घेऊन आले. तोवर त्यांना पेन्शन लागली होती. पुस्तक बाळंतिणीच्या काळजीवर होतं.

त्यांची एकुलती लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. जावई मुंबईला गिरणीत. ती गेली, मूलही गेलं. अख्ख्या गावाला ठाऊक होतं, म्हणून मी काही विचारलं नाही. वाचणार कोण, तेसुद्धा नाही.

पहिल्या खेपेला पुस्तकात सगळी संस्कृत वचनं. मास्तरांनी प्रूफ पाहिलं. "हे कुणाला कळणार? सोड खिळे." जुळवलेलं सगळं मी मोडून परत पेटीत टाकलं. मग बायकांसाठी सोपं करून आणलं, आणि स्वतःच म्हणाले, "ज्यांना हवं त्यांना वाचता कुठं येतं?" पुन्हा खिळे सोडले. मग मुंबईला राहणाऱ्या नवऱ्यांसाठी लिहायला घेतलं. एक प्रकरण मात्र कधी बदललं नाही. अडाणी सुईण घरात मरण कसं आणते, त्याचं. तिथं त्यांची लेखणी कुठंच अडली नव्हती.

छापखान्यातली गोष्ट बाहेर जातेच. एक दिवस मिरकरवाड्याची म्हातारी सुईण पायरीशी येऊन उभी राहिली. मास्तरांच्या लेकीजवळ तीच होती. मास्तर आत प्रूफ तपासत बसले होते.

"मास्तरानू, पुस्तकात माजा नाव लिवलाव काय?"

"नाव नाही लिहिलं."

"नाव नाय, पन लोकांस कळंलच ना? मंग मला कोन बोलवल?"

मास्तरांनी प्रूफ पुढ्यात ओढलं. ती थोडा वेळ थांबली, पदरानं तोंड पुसून निघून गेली.

मास्तरांनी ते प्रकरण पुन्हा वाचलं. मग खाली बघत म्हणाले, "अरे, हिनं मला त्या दिवशी दुपारीच सांगितलं होतं. माझ्या हातचं नाही, डॉक्टर आणा. मी ओटीवर येरझाऱ्या घालत राहिलो. परका पुरुष बाळंतिणीच्या खोलीत न्यायचा कसा? लोक काय म्हणतील? संध्याकाळी डॉक्टरकडे गेलो, तेव्हा..." प्रूफ बाजूला सारत ते म्हणाले, "कुणाला वाचवायला मी हे लिहीतच नव्हतो रे. मला दोष द्यायला कुणीतरी हवं होतं."

"मास्तर, मग हेच लिहा. आता कळलंय ना, कशासाठी लिहायचं?"

"हो. हेच लिहायला हवं."

घरी बायकोसमोर जमेना, म्हणून ते छापखान्यात येऊन बसायचे. 'माझी मुलगी' एवढं लिहायचे आणि हात थांबायचा. माझ्या पुढ्यात अक्षरांनी भरलेली पेटी, आणि मी नुसता बघत राहायचो. एकदा म्हणाले, "तू लिही, मी सांगतो." मी लेखणी उचलली. त्यांनी तोंड उघडलं, पण लेकीचं नावसुद्धा बाहेर येईना. शेवटी त्यांनी माझ्या हातातली लेखणी काढून घेतली आणि टोपी घालून उठले.

त्याच थंडीत मास्तर गेले.

पुढे पूर्णगडचा एक जण छापखान्यात आला. मुंबईला नोकरी, रजेवर आलेला. "इथं कुणी मास्तर बाळंतपणावर पुस्तक लिहीत होते म्हणे. मिळेल काय? घरात दिवस भरत आलेत."

"पुस्तक पुरं झालं नाही. पण त्यांना सांगायचं होतं ते एवढंच. अडलं तर वाट बघू नका, डॉक्टरला आणा."

तो संकोचला. "डॉक्टर म्हणजे पुरुषच की. आमचे वडील ऐकायचे नाहीत."

"त्यांना विचारू नका. तुम्ही आणा."

त्यानं वहाणा चढवल्या आणि तो रस्त्याला लागला. मी पायरीवर येऊन तेच पुन्हा ओरडून सांगितलं. रस्त्यावरच्या दोघातिघांनी वळून पाहिलं. त्यानं नाही पाहिलं.