दिवा लावायच्या आधीचा केर

आमच्या दिग्रसच्या घरी आलेला कॉम्प्युटर जुना, कोणाचा तरी वापरून झालेला. भावानं टायपिंगच्या कामासाठी तो यवतमाळहून आणला, एसटीत मॉनिटर मांडीवर घेऊन. आईनं त्याला कापडी झाकण शिवलं, हळदकुंकू वाहिलं. त्यावरचं एकच काम ती शिकली. पडद्यावरच्या कचरापेटीचं चित्र कागदांनी भरलेलं दिसलं की तिला चैन पडत नसे. घरात केर ठेवून दिवा लावायचा नाही, हा तिचा नेम. मग कॉम्प्युटरलाच सूट कायले? उजवं बटण दाबून पेटी रिकामी कशी करायची ते भावानं दाखवलं. तेव्हापासून रोज दिवेलागणीला अंगण, ओसरी आणि कॉम्प्युटर अशी झाडलोट होऊ लागली. आम्ही हसायचो.

बाबा बाजारात कापसाच्या हर्रासाची बोली पुकारायचे. त्या वर्षांत भाव पडलेले, आणि ते पडलेले आकडेच घसा ताणून ओरडायचे. गाडीवाल्यांच्या शिव्याही त्यांनाच. मग घशात गाठ निघाली. नागपूरच्या डॉक्टरांनी सरळ सांगितलं, स्वरयंत्र काढावं लागेल. माणूस वाचेल, आवाज राहणार नाही.

निघायच्या आदल्या दिवशी भावानं माइक जोडून दिला. त्या प्रोग्राममध्ये एका वेळी एकच मिनिट आवाज भरता यायचा. बाबांनी सगळ्यांना बाहेर काढलं, बटण दाबायला तेवढी मी आत. मला वाटलं, हर्रास पुकारतील. त्यांनी आईचं नाव घेतलं. आमच्याकडे नवरा बायकोला नावानं हाक मारत नाही. बाबांची हाक म्हणजे "अवं, आयकलं का?" एवढीच. नाव घेऊन ते थांबले, पुन्हा एकदा घेतलं, आणि उरलेल्या मिनिटात नुसती पंख्याची घरघर भरली गेली.

"परत आलो का आयकव तिले," ते मला म्हणाले.

बाबांसोबत नागपूरला मी राहिले. आजी अंथरुणावर होती, म्हणून आईला घर सोडता येईना. इकडे डिस्क भरली आणि कॉम्प्युटर अडून बसला. भावानं मोठ्या फायली शोधल्या. त्यात ही सापडली, सुरुवातीचं काही न ऐकता त्यानं मधूनच लावून पाहिली, तर नुसता पंखा. चाचणीची असेल, खरी वेगळी असेल म्हणून टाकली पेटीत. लागली तर परत काढता येतेच, असा त्याचा हिशोब. संध्याकाळी आईनं केर काढला.

बाबा घरी आले, गळ्याला पट्टी. खाटेवर बसले आणि बोटानं कॉम्प्युटर दाखवला. मी फाइल शोधायला लावली. पडद्यावरचं भिंग गोल गोल फिरत राहिलं. भाऊ मागून म्हणाला, "पेटीत पाह्य ना."

"पेटी तं म्या झाडली," आई म्हणाली.

मला दोघांचाही संताप आला. आपली चूक उमगली तसा भाऊ परसात निघून गेला. आई तिथंच उभी होती, झाडणी हातात.

"काय होतं त्याच्यात?"

"तुझं नाव," मी म्हटलं. "बाबांनी घेतलं होतं."

तिनं बाबांकडे पाहिलं. मग हळूच म्हणाली, "लग्नात घेतलं होतं एकदा, घास भरवताना. तसंच होतं का?"

मी त्या लग्नात कुठून असणार! तरी तिचं समाधान व्हावं म्हणून म्हटलं, "तसंच."

खाटेवरून बाबांनी मान हलवली. नाही. लग्नात त्यांना सगळ्यांनी मिळून नाव घ्यायला लावलं होतं, हे आपणहून घेतलेलं. त्यांनी तिच्याकडे पाहून ओठ हलवले. आवाज अर्थातच आला नाही.

आईनं झाडणी कोपऱ्यात ठेवली, पदरानं हात पुसले आणि त्यांच्या समोर जाऊन बसली.

"अजून एकडाव म्हना," ती म्हणाली.