कमरेखालचा पेशंट

म्हाताऱ्याचं हगणं मी नुकतंच काढलं होतं. बेडपॅन धुऊन आले, साबणाने कोपरापर्यंत हात घासले आणि नाडी मोजायला त्याचं मनगट धरलं. मनगटावर देवळातला लाल धागा. तेवढ्यात त्याने विचारलं,

"आडनाव काय वं तुयं?"

मी सांगितलं. इंगळी डसल्यासारखा त्याने हात ओढला आणि चादरीखाली लपवला.

"या हाताले लागू नको. दुसरी पाठव."

मी उभीच राहिले. पाच मिनिटांपूर्वी याच माणसाने पाय फाकवून माझ्याकडून ढुंगण पुसून घेतलं होतं. तेव्हा आडनाव आडवं आलं नाही. बेडपॅनला दुसरी पाठव, असं तो म्हणाला नाही. त्या दिवशी नाही, पुढेही नाही.

मंगरूळपीरचा खाजगी दवाखाना. मी आसेगावची, बौद्धांच्या घरातली. आई लोकांच्या वावरात तण निंदायला जायची, त्यावर मी नर्सिंग केलं. पहिलीच नोकरी. म्हातारा जवळच्याच गावातला वजनदार माणूस, हृदयाचा पेशंट. त्याचा मुलगा दिवसभर खुर्ची टाकून शेजारी बसलेला.

मी मोठ्या सिस्टरकडे गेले. ती रागावली नाही, दचकलीही नाही. तिने सरळ वाटणी केली.

"त्याचं खालचं तू कर. वरचं मी पाहीन."

झालं. कमरेखालचा म्हातारा माझा, कमरेवरचा तिचा.

त्याला रोज सकाळी दहाला एक गोळी होती, ठोके हळू करणारी. डॉक्टरांनी कागदावर लिहून ठेवलेलं: आधी हाताने पूर्ण एक मिनिट नाडी मोजा, साठच्या खाली असेल तर गोळी देऊ नका, मला कळवा. पहिल्या वर्षाची पोरगीसुद्धा हे झोपेत सांगेल. तीन बोटं टेकवायची. अंगठा नाही, अंगठ्याला स्वतःची नाडी असते. मोजायचं, आणि मोजलं तेच लिहायचं.

पण मोठ्या सिस्टरला अख्खा वॉर्ड बघायचा होता. ती म्हणाली, "लिहून टाक ना बहात्तर. कोन पायते?"

मी लिहिलं. दोन दिवस लिहिलं. दुसऱ्याचं सांगते तर माझंही सांगितलं पाहिजे. म्हाताऱ्याची किळस येतेच, पण त्या दोन बहात्तरांची जास्त येते. नोकरी जाईल म्हणून मी एका माणसाचे ठोके मनाने लिहिले, आणि त्यावर त्याला गोळी दिली गेली.

तिसऱ्या सकाळी म्हाताऱ्याने अन्न टाकलं. मग उलटी केली. उलटी कमरेवरची, पण पुसायला बोलावलं मलाच. अशा वाटण्या अशाच चालतात. मुलगा नाकाला रुमाल लावून म्हणाला, "पूस लवकर."

पुसताना म्हातारा पुटपुटला, "भित पिवळी दिसून राह्यली."

भिंत पांढरी होती. अन्न नको, उलटी, सगळं पिवळं. गोळी अंगात जास्त झाली की हेच होतं, मी पाठ केलेलं.

"काकाजी, हात द्या."

"नाई."

मोठी सिस्टर गोळी आणायला गेली होती. मला वाटलं, मरू दे. खरंच वाटलं. मग त्याची खालची चादर बदलायला घेतली आणि आठवलं. नाडी काही मनगटातच नसते. जांघेत असते, मोठी, ठसठशीत.

तीन बोटं जांघेत टेकवली. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिले. पाय त्याने ओढून घेतला नाही. तिथे मी त्याला चालत होते.

एक मिनिट. चव्वेचाळीस.

सिस्टर गोळी घेऊन आलीच.

"देऊ नका. चव्वेचाळीस आहे."

"कुठून मोजली? हात तर देत नाई तो."

"जांघेतून."

डॉक्टरांना फोन गेला. गोळी बंद झाली. म्हातारा वाचला.

मी कागद घेतला आणि लिहिलं: नाडी ४४, जांघेत मोजली. रुग्णाने मनगट दिले नाही. कारण, नर्सची जात. मागील दोन दिवसांची ७२ ही नोंद मी न मोजता केली.

मुलाने कागद ओढून वाचला. तोंड लाल.

"हे काहून लिहिलं? माह्या बापाची इज्जत काढतं? फाड हे पान!"

मोठी सिस्टर माझ्या कानाशी आली. "दुसरं पान घे, बाई. नुसतं चव्वेचाळीस लिही."

"पान फाडत नसतात," मी म्हणाले. "झालं ते लिहिलं."

"तुले इथं ठू देनार नाई मी!"

"नका ठेवू. कागद ठेवा."

नोकरी महिनाभरात गेली. त्याआधी, दवाखान्यातून सुटून घरी जाताना म्हाताऱ्याने मोठ्या सिस्टरला दोन्ही हात जोडले. माझ्याकडे बघितलंही नाही. त्याच दिवशी सकाळीही त्याचं ढुंगण मीच पुसलं होतं.

आता मी दुसरीकडे आहे. पेशंटची सेवा करते, कुणाचीही, तीच तीन बोटं टेकवून, पूर्ण मिनिट. मनाने आकडा पुन्हा लिहिणार नाही, कोणीही सांगो. आणि जो माझ्यापासून हात लपवेल, त्याचं ते लपवणं मी कागदावर लिहीन. तारीख घालून, वेळ घालून. खाली सही करीन. पूर्ण. आडनावासकट.